मुद्देमाल ‘भरून’ देऊ नका

वकील मॅडम, नमस्कार.

माझा भाऊ तेवीस वर्षांचा आहे, इलेक्ट्रिशियनचं काम करतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने एका बंगल्यात वायरिंग केलं होतं. मालक तीन दिवस बाहेरगावी गेले असताना त्या बंगल्यात घरफोडी झाली. दागिने, रोख रक्कम आणि एक मोबाइल गेला. नंतर आठवड्याभराने भावाने ऑनलाइन जाहिरात बघून सेकंड हँड मोबाइल घेतला आणि तो नेमका त्याच घरातला निघाला. परवा त्याला अटक झाली. कोर्टाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली आहे. कलमं ३३१(४) आणि ३०५ लावली आहेत. पोलीस म्हणतात, कपाटाजवळ त्याच्या बोटांचे ठसे मिळाले, वॉचमनने त्याला पाहिलं आणि त्याने गुन्हा कबूलही केलाय. घराची झडती घेऊन त्याची हत्यारांची पिशवी नेली. लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय. एक मध्यस्थ येऊन सांगून गेला की पाच तोळ्यांचा मुद्देमाल भरून द्या, केस हलकी होईल. आई स्वतःच्या बांगड्या द्यायला निघाली आहे. मामा म्हणतात, कोर्टात गुन्हा कबूल करू दे, भोगलेले दिवस धरून सुटेल. वकिलासाठी पैसे नाहीत. त्या रात्री भाऊ घरीच होता असं आम्ही म्हणतो, पण खरं सांगते, मी झोपले होते. त्याने खरंच केलं असेल तर? मी काय करू?

— एक बहीण

ताई,

आईच्या बांगड्या आधी परत कपाटात ठेवायला लावा. बाकीचं सगळं नंतर बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे.

‘मुद्देमाल भरून द्या’ म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्या. तुमच्या घरचं सोनं पोलीस ठाण्यात जातं. मग कागदावर असं येतं की आरोपीने पंचांसमक्ष निवेदन केलं, अमुक ठिकाणी लपवलेले दागिने मी काढून देतो, आणि त्याने ते काढून दिले. निवेदनाचा एक पंचनामा, जप्तीचा दुसरा. बांगड्यांची लगड करून दिली असेल तर ती ‘चोरीचे दागिने वितळवून केलेली लगड’ होते. जी वस्तू त्याच्याकडे कधी नव्हतीच, ती त्याच्याकडून जप्त झाल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करून देता. अशी केस हलकी होत नाही, उलट पक्की होते. उद्या कोर्टात ‘त्या आमच्या आईच्या बांगड्या होत्या’ असं सांगायला गेलात, तर पहिला प्रश्न येईल की मग तेव्हा गप्प का बसलात? त्या मध्यस्थाला एवढंच सांगा की जे बोलायचं ते आमच्या वकिलांशी बोला. तो पुन्हा आला तर तारीख, वेळ आणि त्याचे शब्द वहीत लिहून ठेवा. कुणी सरकारी माणसाच्या नावाने पैसे मागत असेल तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. फिर्यादीला परस्पर भेटून ‘नुकसान भरून देतो, लिहून द्या’ असंही करू नका. तो कागद उद्या कबुली म्हणून वाचला जातो, आणि घरफोडीचं कलम फिर्यादीने ‘माझी तक्रार नाही’ म्हटल्याने मिटतही नाही. खटला सरकार चालवतं.

आता कबुलीचं. पोलीस म्हणाले ‘कबूल केलंय’ आणि तुम्ही खचलात, हे पत्रात दिसतंय. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ही कलमं २५ आणि २६ होती, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम २३ मध्ये आहेत. पण त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद आहे, जुन्या काळचं प्रसिद्ध कलम २७. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. किती भाग, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात सांगितलं आणि आजही कोर्टं तेच धरून चालतात. ‘दागिने मी अमुक जागी पुरलेत’ हे वाक्य येतं. ‘जे मी त्या बंगल्यातून चोरले’ हे येत नाही. म्हणजे कबुलीला स्वतःचे पाय नाहीत, तिला उभं राहायला जप्ती लागते. ती जप्ती तुमच्या घरातून पुरवायची नाही, हे मी सुरुवातीलाच का सांगितलं ते आता लक्षात येईल.

न्यायाधीशांसमोर नोंदवलेल्या कबुलीजबाबाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तो पुराव्यात येतो. म्हणून न्यायदंडाधिकारी आधी आरोपीला बजावतात की असा जबाब द्यायची तुझ्यावर सक्ती नाही आणि तो तुझ्याविरुद्ध वापरला जाईल. तुमच्या भावाने वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. कोऱ्या कागदावर सही नाही, न वाचलेल्या कागदावर सही नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३)प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, आणि गप्प राहणं हा गुन्हा नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्कही त्याला आहे. चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट मागता येते.

वकिलाच्या पैशांची काळजी आजच मिटवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी आहे आणि तिच्यात ‘कोठडीत असलेली व्यक्ती’ आहे. तिथे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय झालं आहे, तिथे पूर्णवेळ फौजदारी काम करणारे वकील असतात. १५१०० हा देशभरचा मदत क्रमांक आहे. ‘फुकटचा वकील काय लढणार’ असं नातेवाईक म्हणतील. मनावर घेऊ नका. रोज रिमांड आणि जामिनाचं काम करणारा वकील, ओळखीतल्या पण दिवाणी दावे चालवणाऱ्या महागड्या वकिलापेक्षा आज तुमच्या जास्त कामाचा आहे. पोलीस ठाण्याच्या फाटकात गाठून ‘मी सोडवतो’ म्हणणाऱ्याच्या हाती मात्र वकीलपत्र देऊ नका.

परवाच्या तारखेला भाऊ पुन्हा कोर्टापुढे येईल. तिथे न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?’ बहुतेक पोरं मान हलवतात, कारण ज्यांनी आणलं ते मागेच उभे असतात. मारहाण झाली असेल तर त्याने तिथेच, त्याच वेळी बोलावं आणि वैद्यकीय तपासणी मागावी. वकिलाने दोन कागद पाहावेत. एक, अटकेची कारणं लेखी दिली होती का. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवून दिलं आहे की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि उशिरात उशिरा म्हणजे रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी द्यायची. दुसरा कागद म्हणजे रिमांड रिपोर्ट. पुन्हा पोलीस कोठडी कशासाठी हवी, याचं ठोस कारण त्यात लागतं. मोबाइल जप्त, झडती झाली, ठसे घेतले, मग आता काय उरलं, हे वकिलाने विचारायचं. एफआयआरची प्रतही आजच मिळवा. संवेदनशील प्रकरणं वगळता ती चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच दिला आहे.

ती एफआयआर हातात आल्यावर सर्वांत आधी वेळ बघा. भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३३१(४) म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी. चोरीच्या उद्देशाने असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. हीच घरफोडी दिवसा झाली असेल तर कलम ३३१(३), शिक्षा दहा वर्षांपर्यंत. ३०५ हे घरातल्या चोरीचं, सात वर्षांपर्यंत. तुम्ही लिहिता की मालक तीन दिवस बाहेर होते. कुलूप लावून गेले, परत आले तेव्हा कडी-कोयंडा तुटलेला. मग चोरी नेमकी रात्रीच झाली हे कुणाला माहीत? त्या वॉचमनच्या जबाबावर ही ‘रात्र’ उभी असेल, तर तो जबाब डळमळला की रात्रही डळमळते. हा मुद्दा सुटून जातो, कारण ‘घरफोडी म्हणजे रात्रीच’ असं सगळे गृहीत धरतात.

वॉचमनने तुमच्या भावाला पाहिलं, की कुणाला तरी पाहिलं? तो त्याला आधीपासून ओळखत होता का? दोन महिन्यांपूर्वी कामाच्या दिवसांत भाऊ त्याच फाटकातून रोज ये-जा करत असेल. ओळखत असेल तर पहिल्या दिवशीच्या जबाबात नाव किंवा ‘वायरिंगवाला पोरगा’ असं काहीतरी यायला हवं. नाव अटकेनंतर आलं असेल तर उलटतपासाला तिथे भरपूर जागा आहे. ओळखत नसेल तर ओळख परेड घ्यावी लागेल, आणि इथे तो ग्रुपवर फिरणारा फोटो महत्त्वाचा ठरतो. ज्याचा फोटो साक्षीदाराने आधीच पाहिलाय, त्याला परेडमध्ये ‘ओळखण्याला’ फारशी किंमत उरत नाही. तेव्हा ग्रुपवर भांडू नका, तो फोटो काढायलाही सांगू नका. कुणी टाकला, कधी टाकला, ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि ज्या फोनवर तो मेसेज आहे तो फोन जपा. वॉचमनला मात्र तुम्ही कुणीही भेटू नका, मामांनीसुद्धा नाही. साक्षीदारावर दबाव आणला असा अर्ज आला की जामीन गेला.

बोटांचे ठसे. ऐकायला फार भारी वाटतं, पण ठसा फक्त एवढंच सांगतो की या बोटाने ही जागा कधीतरी शिवली. कधी शिवली, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. तुमच्या भावाने त्या घरात वायरिंग केलंय. कपाटाशेजारच्या स्विचबोर्डावर, भिंतीवर, कपाट सरकवलं असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूवर ठसे असणारच. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की ठसा नेमका कुठून उचलला? कपाटाच्या बाहेरून, की आतल्या लॉकरच्या दारावरून? बाहेरच्या ठशाचं उत्तर त्याच्या कामात आहे. लॉकरच्या आतल्या ठशाचं उत्तर द्यायला वायरिंग पुरणार नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ठसा उचलल्याची जागा आहे का, फोटो आहेत का, तज्ज्ञाने कधी उचलला, सीलबंद कधी केला, हे वकील बघतील. तुमचं काम वेगळं आहे. त्याने तिथे काम केल्याचे पुरावे गोळा करा. मालकाशी झालेले मेसेज, मजुरी ऑनलाइन आली असेल तर बँकेची नोंद, सामान आणलेल्या दुकानाची बिलं, कामाचे फोटो. कोणत्या खोलीत काय काम केलं ते भावाला आठवेल तसं वकिलाला सांगू द्या. मालक उद्या म्हणू शकतात की बेडरूममध्ये काम नव्हतंच, तेव्हा बेडरूममधल्या नव्या स्विचबोर्डाचा एक फोटो खूप काही बोलेल.

हत्यारांच्या पिशवीबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण मी तिथे थांबले. दोषारोपपत्रात ती पिशवी ‘घरफोडीसाठी वापरलेलं साहित्य’ म्हणून येण्याची शक्यता मोठी आहे. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, छिन्नी, ड्रिल. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत दुसरं काय असणार? जप्तीच्या यादीची प्रत मागा आणि नेताना पिशवीत काय काय होतं ते आज, आठवण ताजी असताना, लिहून काढा, म्हणजे नंतर एखादी पहार किंवा कटावणी यादीत वाढली तर कळेल. त्याच हत्याराने कोयंडा तोडला असं म्हणायचं असेल तर तुटलेल्या कोयंड्यावरच्या खुणा आणि हत्याराचं टोक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जुळवून बघता येतं. ते केलं नसेल तर का नाही, हे विचारता येतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌-श्राव्य चित्रीकरण करायचं असतं. तुमच्या घरच्या झडतीत कुणी मोबाइलवर शूटिंग केलं का, पंच म्हणून कोण होते, ते शेजारचे होते की पोलिसांबरोबरच गाडीतून आले होते, हे आठवून लिहा.

मोबाइलचा मुद्दा सगळ्यात कठीण आहे, म्हणून तो मी मुद्दाम उशिरा घेतेय. साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ खाली कोर्ट असं अनुमान काढू शकतं की चोरीनंतर लवकरच चोरीची वस्तू ज्याच्याकडे सापडली, तो एक तर चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, जोवर तो त्या ताब्याचा खुलासा देत नाही. आठवड्याभराने घेतलेला मोबाइल म्हणजे ‘लवकरच’. तेव्हा इथे नुसतं गप्प राहून भागणार नाही, खुलासा लागेल. मात्र तो द्यायचा वकिलामार्फत, जामीन अर्जात, कागदांसकट. पोलिसांपुढे तोंडी, तुकड्यातुकड्यांत नव्हे. वर्षभराने खटल्यात पहिल्यांदा सांगितलेला खुलासा मागाहून रचलेला वाटतो. आजच्या तारखेला दिलेला तसा वाटत नाही.

तो खुलासा पुराव्यांवर उभा करा. ज्या जाहिरातीवरून घेतला तिचा स्क्रीनशॉट, विकणाऱ्याशी झालेलं चॅट, त्याचा नंबर, पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहार क्रमांक आणि बँक स्टेटमेंट, कुठे भेटले ती जागा, तिथे कॅमेरा असेल तर तो. जाहिरात काढून टाकली असेल तरी कंपनीकडे आणि बँकेकडे नोंद राहते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कोर्टामार्फत ती मागवता येते. सरकारी वकील विचारतील की बिल नाही, बॉक्स नाही, किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी, मग संशय कसा आला नाही? किंमत खरोखरच फार कमी होती का, ते भावाला स्पष्ट विचारायला वकिलाला सांगा. कारण चोरीचा माल घेतल्याचं न्याय संहितेत कलम ३१७ आहे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं, आणि त्यात ‘चोरीचा आहे असं मानायला कारण होतं का’ हाच प्रश्न असतो. घरफोडीतून सुटून इथे अडकू शकतो. पण चौदा वर्षांपर्यंतचं कलम आणि तीन वर्षांपर्यंतचं कलम यांत एका तरुणाच्या उमेदीची वर्षं आहेत, त्यामुळे हा फरक किरकोळ समजू नका. मोबाइल सापडला म्हणून घर त्यानेच फोडलं, असं आपोआप होत नाही. बाकीचा ऐवज कुठे आहे? तो त्याच्याकडे सापडलेला नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. म्हणूनच तर ‘भरून’ मागताहेत.

परिस्थितिजन्य, म्हणजे गुन्हा होताना कुणी पाहिला नाही अशा, पुराव्यावरच्या केसमध्ये साखळीचा प्रत्येक दुवा पुरा लागतो आणि साखळी आरोपीच्या दोषाखेरीज दुसऱ्या कुठल्याही निष्कर्षाला जागा ठेवणारी नसावी लागते. हे सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात पाच तत्त्वांत सांगितलं. ती केस खुनाची होती, पण तत्त्वं सगळीकडे लागतात. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

त्या रात्री तो घरी होता, हे सिद्ध करायचा भार तुमच्यावर येतो, आणि इथे मी तुम्हाला हात जोडून सांगते, जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगू नका. तुम्ही झोपला होतात तर झोपला होतात. शपथेवर खोटं बोलणारी बहीण उलटतपासात दोन प्रश्नांत उघडी पडते आणि भावाचा खरा बचावही बरोबर घेऊन जाते. घरच्यांची साक्ष म्हणून कोर्ट ती आपोआप फेकून देत नाही. बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकंच वजन द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच म्हटलं आहे. पण ती खरी हवी. आई जागी होती का? शेजारी कुणी भेटलं? रात्री कुणाचा फोन आला? गल्लीच्या तोंडाशी एखाद्या दुकानाचा कॅमेरा आहे?

त्या कॅमेऱ्यासाठी आजच पळा. डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं, काही ठिकाणी पंधरा दिवसांत, काही ठिकाणी महिन्यात. दुकानदाराला लेखी विनंती द्या की अमुक तारखांचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, आणि त्याची पोच घ्या. वकिलांना सांगून कोर्टात अर्ज करा म्हणजे तपास अधिकाऱ्याला ते ताब्यात घ्यायचा आदेश मिळवता येईल. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून, कापून, व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप कोर्टात टिकणार नाही. मूळ यंत्र किंवा नीट काढलेली प्रत आणि तिच्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राची ही अट किती काटेकोर आहे, हे २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात स्पष्ट झालं. ती पोलिसांच्या फुटेजलाही तितकीच लागते, हेही लक्षात असू द्या. मोबाइल लोकेशनवर फार भिस्त ठेवू नका. ते टॉवरचं असतं, आणि तुमचं घर आणि तो बंगला एकाच टॉवरच्या हद्दीत असतील तर त्यातून काहीच निघणार नाही.

मामांचा सल्ला. ‘कबूल कर, भोगलेले दिवस धरून सुटशील.’ कोर्टाच्या व्हरांड्यात हा सल्ला रोज दिला जातो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. भोगलेले दिवस शिक्षेतून वजा होतात हे खरं. पण पदरी पडते ती दोषसिद्धी. पोलीस पडताळणीत ती दिसते, नोकरीच्या अर्जात ती लिहावी लागते, लोकांच्या घरात शिरून काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनचा धंदा तर तिथेच संपतो. त्यापुढे न्याय संहितेचं कलम १३ आहे. मालमत्तेच्या ठरावीक गुन्ह्यांत एकदा शिक्षा झालेला माणूस तसाच गुन्हा पुन्हा केल्याचं ठरलं, तर शिक्षा थेट दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. आणि परिसरात पुढे कुठेही कुलूप तुटलं की पहिली गाडी तुमच्या दारात येईल. न केलेल्या गोष्टीची कबुली देऊन घेतलेली सुटका ही सुटका नव्हे.

जामिनाची वाट खुली आहे. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, तिथे नाही झाला तर सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय. पूर्वीचा गुन्हा नाही, राहतं घर पक्कं आहे, जप्ती झाली, पळून जायचा धोका नाही, हे मुद्दे कागदांनी दाखवायचे. जामीनदाराची तयारी आत्तापासून करा, नाहीतर आदेश झाल्यावरही कागदांपायी पोरं आठ-आठ दिवस आत राहतात. आणि कॅलेंडरवर साठावा दिवस लिहून ठेवा. तपास ठरलेल्या मुदतीत संपून दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत साठ दिवसांची की नव्वद, हे कलमातल्या शिक्षेवर ठरतं. ३३१(४) मध्ये शिक्षा चौदा वर्षां‘पर्यंत’ आहे, किमान शिक्षा सांगितलेली नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली म्हटलं होतं की किमान शिक्षा दहा वर्षं नसेल तर मुदत साठच दिवसांची. नव्या कायद्याची शब्दरचना थोडी बदललेली आहे, पण वकिलाने एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज दाखल करून हा मुद्दा मांडायलाच हवा. दोषारोपपत्र येऊन पडल्यावर तो हक्क राहत नाही, म्हणून सकाळीच. आणखी एक गोष्ट वकिलांना आत्ताच विचारायला सांगा. पोलिसांनी त्याच्या नावावर इतर ‘उघडकीस आलेले’ गुन्हे दाखवलेत का? तसं असेल तर एका केसमध्ये जामीन झाला की दुसरं पोलीस ठाणं ताबा घेतं, आणि घरचे तुरुंगाच्या दाराशी वाट बघत राहतात.

राहिला तुमचा तो प्रश्न, जो लिहिताना तुमचा हात थरथरला असेल. त्याने खरंच केलं असेल तर?

तर तेही वकिलाला सांगायचं. भावानेच सांगायचं, तुम्ही नव्हे, फोनवर नव्हे, पोलीस ऐकत असताना नव्हे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही, कायद्यानेच तसं बंधन आहे. खरं माहीत असलेला वकील खोटा ‘घरी होता’चा बचाव उभा करणार नाही, पण सरकार पक्षाने प्रत्येक गोष्ट सिद्ध करावी हा आग्रह धरेल, रात्र होती का ते तपासेल, कोणी दुसऱ्याने पुढे केलं होतं का ते बघेल. तेवीस वर्षांचा, पहिलाच गुन्हा, अशा मुलासाठी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आहे. त्यात कोर्ट तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, आणि त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता टळते. म्हणजे केलं असलं तरीही मामांच्या वाटेपेक्षा बरी वाट आहे. तुम्ही त्याची बहीण आहात, न्यायाधीश नाही. तुमच्या मनातली शंका तुम्हाला त्याच्यापासून दूर नेत असेल तर तिला आज थोडं बाजूला ठेवा, कारण कोठडीत असलेल्या माणसाला बाहेर आपलं कुणीतरी आहे हे कळणं फार गरजेचं असतं.

परवा कोर्टात जाताना एफआयआरची प्रत, मोबाइल खरेदीचे स्क्रीनशॉट छापून, बँक स्टेटमेंट, त्याच्या कामाचे कागद आणि घरच्या पत्त्याचा पुरावा एका फाइलमध्ये घाला. दोन झेरॉक्स काढा. वकीलपत्रावर भावाची सही लागेल, ती आवारातच, पोलिसांची परवानगी घेऊन करता येते. साडेदहाच्या आत पोहोचा, बोर्डावर नंबर कुठला आहे ते बघा आणि आईला बरोबर न्या.